इंजेक्टर बदलले: आयडलला ट्रिम प्लस, घाटात मायनस. मिश्रणाचा हिशेब कसा लावायचा?

गिरणाथडी (चाळीसगाव) | शनिवार, रात्री ९.१०

मंडळी, गाडी १.२ लिटर पेट्रोल, ४ सिलिंडर, १६ व्हॉल्व्ह, बीएस४. पोर्ट इंजेक्शन, एअरफ्लो मीटर नाही, मॅप सेन्सरवर (मॅनिफोल्डमधलं हवेचं प्रेशर मोजणारा) चालते. ईसीयू (इंजिनाचा कॉम्प्युटर) कंपनीचाच, रिमॅप वगैरे काही नाही. जुन्यांपैकी एक इंजेक्टर ठिबकत होता म्हणून चारही काढून दुसऱ्या मॉडेलचे वापरलेले चार बसवले आहेत. कपलर बसतो, लांबी तीच, ओ-रिंगचं माप तेच. मल्टिमीटरवर जुने १२.१ ओहम, नवे १२.४ ओहम. फ्लो मात्र वेगळा: ३ बारला जुने १५० सीसी प्रति मिनिट, नवे १८०.

इंजिन पूर्ण तापल्यावर स्कॅनरवर दोन्ही ट्रिमची (ऑक्सिजन सेन्सर बघून ईसीयू पेट्रोल किती टक्के वाढवतो-घटवतो तो आकडा; एक तात्पुरता, एक शिकलेला) बेरीज अशी येते. आयडलला (गाडी उभी, इंजिन नुसतं चालू), एसी बंद, +२ ते +३. सपाट रस्त्यावर ८० च्या वेगाला −९. कन्नड घाटात तिसऱ्या गिअरला, अर्ध्या थ्रॉटलवर −१२. पूर्ण थ्रॉटल दिला की काळसर धूर निघतो, प्लगही काजळले आहेत. अ‍ॅव्हरेजमध्ये मोठा फरक नाही, चेक लाइट नाही.

एकाच इंजेक्टरने आयडलला कमी आणि चढावर जास्त पेट्रोल कसं पडतं? आणि हे असंच चालू ठेवलं तर चालेल का?

वहिवाट (अमळनेर) | शनिवार, रात्री ९.३४

दादा, १५० चे १८० म्हणजे सरळ २० टक्के जास्त. मग ट्रिम सगळीकडे −१७ च्या आसपास दिसायला हवा. आयडलला प्लस येतोय म्हणजे कुठेतरी हवा ओढतेय. खालच्या ओ-रिंग बघा आधी.

पांझरा_बेंच (धुळे) | शनिवार, रात्री १०.२२

वहिवाट भाऊ, ओ-रिंग तपासायलाच हवी, पण हे आकडे हवा न ओढताही असेच येतात.

ईसीयूला पेट्रोल दिसत नाही. त्याला फक्त वेळ कळतो. मॅप सेन्सर, हवेचं तापमान आणि आरपीएम यांवरून तो सिलिंडरमध्ये किती हवा गेली याचा अंदाज बांधतो, तेवढ्या हवेला किती पेट्रोल लागेल ते काढतो आणि त्या पेट्रोलचे मिलिसेकंद करतो. हे मिलिसेकंद करताना त्याच्या पोटात दोन आकडे कायमचे लिहिलेले असतात: इंजेक्टरचा फ्लो आणि इंजेक्टरचा डेड टाइम. करंट सुरू झाल्यापासून सुई उचलून पेट्रोल पडू लागेपर्यंत जो वेळ वाया जातो तो डेड टाइम. बंद होतानाचा उशीर त्यातून वजा धरलेला असतो. ईसीयू लागणाऱ्या वेळात हा डेड टाइम वरून मिळवतो.

तुम्ही फ्लो बघितला, ओहम बघितले, डेड टाइम बघितला नाही. ओहम सारखे आले म्हणून डेड टाइम सारखा येत नाही. सुईचं वजन, स्प्रिंगचा ताण, कॉइलचे वेढे यांवर तो ठरतो.

उदाहरणापुरते आकडे धरू. जुन्याचा डेड टाइम १४ व्होल्टला ०.९ मिलिसेकंद, नव्याचा १.३. ईसीयूला ०.९ च माहीत आहे.

आयडलला पल्स (एका वेळी इंजेक्टरला करंट मिळतो तेवढा वेळ) ३.० मिलिसेकंद. जुना इंजेक्टर त्यातले २.१ मिलिसेकंद खरा उघडा असायचा. १५० सीसी प्रति मिनिट म्हणजे एका मिलिसेकंदाला २.५ घनमिलिमीटर, म्हणून ५.२५ घनमिलिमीटर पडायचे. नवा त्याच पल्समध्ये १.७ मिलिसेकंदच उघडा राहतो. मिलिसेकंदाला ३ धरले तर ५.१ घनमिलिमीटर. इंजेक्टर मोठा असून पेट्रोल कमी पडलं! ट्रिम प्लसमध्ये जाणारच.

आता पल्स १० मिलिसेकंद घ्या. जुना ९.१ उघडा, २२.७५ घनमिलिमीटर. नवा ८.७ उघडा, २६.१. म्हणजे जवळपास १५ टक्के जास्त. पल्स जितका लांब, तितका डेड टाइमचा वाटा लहान आणि फ्लोचा फरक मोठा दिसतो.

ट्रिम फक्त उघड्या वेळाला गुणला जातो, डेड टाइम नंतर मिळवला जातो. त्या हिशेबाने आयडलला +२.४, ६ मिलिसेकंदाला −८.८ आणि १० मिलिसेकंदाला −१२.३ येतात. तुमच्या स्कॅनरचे आकडे यांच्या शेजारी ठेवून बघा.

वहिवाट (अमळनेर) | शनिवार, रात्री १०.४०

पटलं. −१७ फक्त डेड टाइम दोघांचा सारखा असता तरच आला असता.

पांझरा_बेंच (धुळे) | शनिवार, रात्री १०.४४

तुम्हनं बरोबर शे भो. आणि आयडल आणि हायवे यांच्या ट्रिममध्ये असा उलटा फरक दिसला की इंजेक्टर न काढताही ओळखता येतं: फ्लो मोठा, डेड टाइमही मोठा.

लॅम्बडा_जळगाव (जळगाव) | शनिवार, रात्री ११.०५

दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर देते. असंच ठेवू नका.

चेक लाइट नाही याचा अर्थ मिश्रण बरोबर आहे असा नाही. बहुतेक गाड्यांत दोन्ही ट्रिम मिळून २५ टक्क्यांच्या आसपास गेल्याशिवाय पी०१७१ (लीन, पेट्रोल कमी) किंवा पी०१७२ (रिच, पेट्रोल जास्त) कोड पडत नाही. −१२ ला ईसीयू गप्प राहून सांभाळून घेतो. अ‍ॅव्हरेज तेच राहिलं कारण हायवेला ऑक्सिजन सेन्सर मिश्रण खेचून लॅम्बडा १ वर (हवा-पेट्रोलचं नेमकं प्रमाण; १ च्या खाली रिच, वर लीन) आणतो.

त्रास होतो तो सेन्सरचं ऐकलं जात नाही तिथे. पूर्ण थ्रॉटलला ईसीयू ओपन लूपमध्ये जातो. साधा नॅरोबँड सेन्सर ०.४५ व्होल्टच्या अलीकडे-पलीकडे एवढंच सांगतो, किती रिच ते सांगत नाही. इंजिन थंड ठेवायला कंपनी तिथे मुद्दाम रिच मिश्रण देते, लॅम्बडा ०.८७ धरा, पेट्रोलच्या भाषेत १२.८ ला १. पल्स १४ मिलिसेकंद असेल तर नव्या इंजेक्टरमधून १६ टक्के जास्त पडतं. लॅम्बडा ०.७५ वर येतो, म्हणजे ११ ला १. काळा धूर तिथला. शिकलेला ट्रिम ओपन लूपमध्येही लावणाऱ्या ईसीयूत हे थोडं सावरतं, ०.८३ च्या आसपास, तरी रिचच.

रिच चालत राहिलं की न जळलेलं पेट्रोल सिलिंडरच्या भिंतीवरचं ऑइल धुतं आणि सम्पमध्ये (इंजिनाच्या तळाच्या ऑइलच्या भांड्यात) उतरतं. डिपस्टिकला पेट्रोलचा वास येतो, ऑइल पातळ होतं. बाहेर गेलेलं कॅटॅलिटिक कन्व्हर्टरला तापवतं. प्लगचं नुकसान त्यामानाने स्वस्तातलं.

थंड स्टार्टलाही सेन्सर तयार नसतो. तिथेही ईसीयू पोटातल्या आकड्यांवरच विसंबून असतो.

तापीपूर (भुसावळ) | रविवार, सकाळी ७.५०

विजेची बाजू सुटतेय, ती मांडतो.

डेड टाइम व्होल्टेजवर हलतो. कंपनीच्या ईसीयूत त्याचा तक्ता असतो: ८ व्होल्टला अमुक, १० ला अमुक, १४ ला अमुक. पांझरा भाऊंचंच उदाहरण पुढे नेऊ. जुना १४ ला ०.९ आणि १२ ला १.२. नवा १४ ला १.३ आणि १२ ला १.७. एसी, पंखा, हेडलाइट सगळं चालू, आयडल, अल्टरनेटरचा बेल्ट सैल, व्होल्टेज १२ वर आलं. ईसीयू जुन्या तक्त्याने १.२ मिळवून ३.३ चा पल्स देतो. नवा त्यातले १.६ उघडा राहतो. ४.८ घनमिलिमीटर पडले, हवेत ५.२५. साडेआठ टक्के लीन. आयडल डगमगतं ते यामुळे, आणि लोक थ्रॉटल बॉडी धुऊन धुऊन थकतात.

आता उन्हाळा. मे महिन्यात आपल्याकडे पारा ४५ च्या घरात असतो, भर दुपारी गाडी बंद करून अर्ध्या तासाने चालू केली की इंजेक्टरची कॉइल सहज ८० अंशांवर असते. तांब्याचा रोध अंशाला ०.३९ टक्के वाढतो. २० अंशाला १२ ओहम असलेली कॉइल ८० ला १४.८ ओहम दाखवते. करंट कमी, सुई उशिरा उचलते, डेड टाइम अजून वाढतो. म्हणून ओहम मोजायचे ते सकाळी, गार इंजिनला. चारही एकमेकांपासून अर्ध्या ओहमच्या आत हवेत.

आणि २ ते ५ ओहमचे इंजेक्टर चुकूनही बसवू नका. ते पीक-अँड-होल्ड (आधी जास्त, मग कमी करंट देणाऱ्या) ड्रायव्हरसाठी असतात. आपल्या ईसीयूचा ड्रायव्हर १२ ओहमच्या कॉइलमधून साधारण १ अँपिअर ओढायच्या तयारीने बनलेला असतो. २.५ ओहम लावले की ५ अँपिअरच्या वर जातो आणि ड्रायव्हर जळतो. इंजेक्टर शंभरदा बदलता येतो, ईसीयूचा खर्च झेपत नाही.

केळीचा_मळा (रावेर) | रविवार, सकाळी ८.१५

फ्युएल प्रेशर कमी करून नवे इंजेक्टर जुळवता येतील का? रेग्युलेटर बदलायचा फक्त.

पांझरा_बेंच (धुळे) | रविवार, सकाळी ९.०२

कागदावर जुळतं, इंजिनात नाही. फ्लो प्रेशरच्या वर्गमुळाने बदलतो. १८० चे १५० करायला प्रेशर ३ बारवरून जवळपास २.१ वर आणावं लागेल. इतक्या कमी प्रेशरला पेट्रोलचा बारीक फवारा होत नाही, जाड थेंब पडतात. शिवाय रेलमधलं (चारही इंजेक्टरना पुरवणाऱ्या नळीतलं) पेट्रोल आपल्या उन्हात लवकर वाफाळतं. प्रेशर हाच त्यावरचा आवर. दुपारी गाडी बंद केली की परत चालू व्हायला रडवेल. आणि एवढं करून डेड टाइमचा फरक तसाच राहतो, प्रेशर बदलल्याने थोडा हलतो इतकंच.

प्रेशरबद्दल एक गोष्ट मात्र ध्यानात ठेवा. इंजेक्टरचा फ्लो सहसा ३ बारचा सांगतात. तुमच्या गाडीत रिटर्न लाइन नसेल, रेग्युलेटर टाकीतल्या पंपाबरोबर असेल, तर तो ३.५ किंवा ४ बारचाही असू शकतो. ३ ऐवजी ४ बार म्हणजे फ्लो १५ टक्क्यांनी जास्त. गेज लावून बघितल्याशिवाय इंजेक्टरला दोष देऊ नये.

गिरणाथडी (चाळीसगाव) | रविवार, सकाळी १०.३०

गेज लावला. किल्ली ऑन ३.० बार, आयडलला ३.०, रेस करून सोडल्यावरही ३.०. बंद केल्यावर २० मिनिटांनी २.६.

फ्लो आणि डेड टाइम बेंचवर (इंजेक्टर तपासायच्या यंत्रावर) नेमके कसे मोजायचे? इथल्या बेंचवाल्याकडे इंजेक्टर पूर्ण उघडा ठेवून १५ सेकंदांचं माप देतात, एवढंच.

पांझरा_बेंच (धुळे) | रविवार, दुपारी १२.१८

पूर्ण उघड्या मापाने फक्त फ्लो कळतो. डेड टाइम काढायला दोन वेगळ्या पल्सची मापं घ्या. बेंचवर पल्सची लांबी आणि संख्या देता येते, बहुतेक बेंचवर असते ही सोय, विचारावी लागते.

प्रेशर ३ बार, व्होल्टेज १४, पल्स ५ मिलिसेकंद, संख्या २०००. काचेच्या नळीत किती मिलि भरलं ते लिहा. नळी रिकामी करून पुन्हा, आता पल्स १० मिलिसेकंद, संख्या तीच.

समजा एका नव्या इंजेक्टरचं माप २२.२ मिलि आणि ५२.२ मिलि आलं. दोहोंतला फरक ३० मिलि. हा फरक २००० वेळा ५ मिलिसेकंद, म्हणजे १० सेकंदांच्या उघड्या वेळाचा. सेकंदाला ३ मिलि, मिनिटाला १८०. फ्लो मिळाला, आणि तो डेड टाइमच्या भेसळीशिवाय. आता पहिलं माप घ्या. २२.२ भागिले ३ बरोबर ७.४ सेकंद. ते २००० पल्समध्ये वाटलं की एका पल्सला ३.७ मिलिसेकंद. पल्स दिला होता ५ चा. वाया गेले १.३. हाच डेड टाइम.

तसाच हिशेब जुन्याचा केला, तर २०.५ आणि ४५.५ मिलि येतील. बघा, ५ मिलिसेकंदाला नवा जुन्यापेक्षा फक्त ८ टक्के जास्त देतोय, २० नाही.

बेंचच्या गोष्टी सांभाळा. बेंचमध्ये टेस्ट फ्लुइडच असावं, पेट्रोल नाही. बंद खोलीत त्याची वाफ आणि मोटरची ठिणगी यांची गाठ पडू देऊ नका. फ्लुइडची घनता पेट्रोलपेक्षा वेगळी असते म्हणून जुने आणि नवे एकाच दिवशी, एकाच फ्लुइडवर मोजा आणि आपसात तुलना करा. नळी वाचताना डोळा पातळीच्या समोर. फेस बसू द्या. पहिलं माप टाकून द्या, रेलमधली हवा निघायची असते.

मोजून झाल्यावर प्रेशर चालू ठेवून इंजेक्टर बंद ठेवा आणि नाकाकडे एक मिनिट बघत बसा. ओलसर झाला तर चालेल, थेंब लोंबला आणि पडला तर तो इंजेक्टर बाद. ठिबकणारा इंजेक्टर ट्रिममध्ये लबाडी करतो: आयडलला ट्रिम मायनस, हायवेला ठीक, आणि गाडी उन्हात उभी राहून चालू करताना सेल्फ लांब मारावा लागतो.

लॅम्बडा_जळगाव (जळगाव) | रविवार, दुपारी १.०५

चारांची बरोबरी तपासा, ती फ्लोपेक्षा महत्त्वाची आहे असं माझं ठाम मत आहे.

ऑक्सिजन सेन्सर चारही सिलिंडरच्या एकत्र धुराची सरासरी बघतो. समजा १५ सेकंदांची मापं ४५.०, ४४.५, ४५.२ आणि ३६.० मिलि. चौथा २० टक्के कमी. सरासरी ५ टक्के लीन दिसते, ईसीयू चौघांनाही ५ टक्के वाढवून देतो. स्कॅनरवर ट्रिम +५, बघणारा म्हणतो उत्तम. आत मात्र तीन सिलिंडर ५ टक्के रिच आणि चौथा १६ टक्के लीन. एकाचं पाप चौघांच्या माथी. तो चौथा सिलिंडर लोडवर तापतो, नॉक होतो, आयडलला मिसिंग देतो. कोड आला तर पी०३०४ (चौथ्या सिलिंडरचं मिसिंग) येतो आणि लोक इग्निशन कॉइल बदलत बसतात.

चारांमधला फरक ३ टक्क्यांच्या आत हवा. वापरलेले, वेगवेगळ्या गाड्यांतून जमवलेले चार असतील तर हे क्वचितच जमतं.

वहिवाट (अमळनेर) | रविवार, दुपारी १.४०

फवाऱ्याचं काय? फ्लो, डेड टाइम दोन्ही जुळले तर कुठलाही इंजेक्टर चालतो का?

पांझरा_बेंच (धुळे) | रविवार, दुपारी २.१५

नाही. १६ व्हॉल्व्हच्या इंजिनात प्रत्येक सिलिंडरला दोन इनटेक व्हॉल्व्ह. अशा इंजेक्टरच्या नाकातून बऱ्याचदा दोन झोत निघतात, एकेका व्हॉल्व्हच्या पाठीवर एक. तिथे एका झोताचा इंजेक्टर लावला की पेट्रोल दोन व्हॉल्व्हच्या मधल्या भिंतीवर आपटतं, भिंत ओली राहते. गरम इंजिनात ते वाफ होऊन आत जातं, म्हणून हायवेला कळत नाही. थंडीत सकाळी मात्र भिंतीवरचं पेट्रोल आत जातच नाही, गाडी झटके मारते, रेस दिली की आधी लीन आणि मागाहून रिच.

दोन झोतांचा इंजेक्टर रेलमध्ये गोल फिरला तरी हाच प्रकार होतो. क्लिपची खाच आणि कपलरची दिशा यासाठीच असते. क्लिप तुटली म्हणून तारेने बांधून चालवू नका, नवी क्लिप घ्या.

केळीचा_मळा (रावेर) | रविवार, दुपारी ३.५०

माझ्या गाडीला सिक्वेन्शियल सीएनजी किट आहे. पेट्रोलचे इंजेक्टर बदलले तर सीएनजीला काही फरक पडतो? गॅसचे इंजेक्टर तर वेगळे असतात.

लॅम्बडा_जळगाव (जळगाव) | रविवार, संध्याकाळी ५.२०

पडतो, आणि चांगलाच. सिक्वेन्शियल किटचा ईसीयू स्वतः मिश्रण काढत नाही. तो पेट्रोलच्या ईसीयूचा पल्स वाचतो, त्याला मॅपमधल्या (किटच्या तक्त्यातल्या) गुणकाने गुणतो आणि गॅसच्या इंजेक्टरला देतो. पेट्रोलवर शिकलेला −९ चा ट्रिम त्या पल्समध्ये आधीच मिसळलेला असतो. स्विच केल्याबरोबर गॅस ९ टक्के कमी जातो, मग ईसीयू ट्रिम वर नेतो. परत पेट्रोलवर आलात की तोच ट्रिम पेट्रोलला रिच करतो. ट्रिम असा झोके घेत राहतो. लीन सीएनजीवर सतत ओढत राहिलं तर एक्झॉस्ट व्हॉल्व्हच्या सीट बसतात (झिजून खोल जातात).

क्रम असा ठेवा दादा: आधी पेट्रोलवर ट्रिम ५ च्या आत आणा, मगच सीएनजीचा मॅप लावून घ्या. उलट केलं तर दोन्ही बिघडतात.

आणि सीएनजीच्या गाडीत पेट्रोलचे इंजेक्टर कमी वापरामुळेच बिघडतात. पेट्रोल आत सुकून डिंकासारखा थर बसतो. आठवड्यातून एकदा १५-२० किमी पेट्रोलवर चालवा.

सातपुडा (शहादा) | रविवार, संध्याकाळी ६.३५

हाच हिशेब डिझेल पिकअपला लागू होतो का? कॉमन रेल आहे.

तापीपूर (भुसावळ) | रविवार, संध्याकाळी ७.१०

नाही. डिझेलमध्ये हवेला जुळवून पेट्रोलसारखं एकच ठराविक प्रमाण राखत नाहीत, ताकद डिझेलच्या मात्रेने ठरते. इंजेक्टरच्या डोक्यावर अक्षरं-आकड्यांचा कोड असतो, बदलला की तो कोड स्कॅनरने त्या सिलिंडरला ईसीयूत भरावा लागतो. नाही भरला तर धूर, खडखड, आयडल हलणं. रिटर्न लीक (इंजेक्टरमधून परत जाणारं डिझेल) चारही नळ्या लावून मोजा. आणि इंजिन चालू असताना पाइप सैल करून मिसिंग शोधायची जुनी सवय कॉमन रेलवर अजिबात वापरू नका. शेकडो बारचं प्रेशर असतं, लोडवर हजाराच्याही वर, डिझेल कातडीत घुसतं, बोट कापावं लागतं.

गिरणाथडी (चाळीसगाव) | रविवार, रात्री ८.४५

ठरवलं. जुने चार साफ करून मोजतो, ठिबकणाऱ्याच्या जागी त्याच नंबरचा नवा. बसवताना काय सांभाळायचं ते एकदा सांगा.

पांझरा_बेंच (धुळे) | रविवार, रात्री ९.५५

गार इंजिन, सकाळची वेळ, उघडी जागा, जवळ अग्निशामक. फ्युएल पंपाचा फ्यूज काढा, गाडी चालू करा, पेट्रोल संपून आपोआप बंद पडेल. आणखी ३-४ सेकंद सेल्फ मारा. मग किल्ली बंद, बॅटरीची मायनस तार काढा. आता रेलचं कनेक्शन कापडात धरून सोडा, तरी थोडं पेट्रोल येतंच.

रेल काढण्याआधी इंजेक्टरच्या बुडाभोवतीची धूळ ब्रशने आणि हवेने साफ करा. आपल्याकडची काळी माती आणि कापसाचा तंतू तिथे चिकटून बसतो, रेल उचलली की सरळ पोर्टमध्ये पडतो. रेल दोन्ही टोकांनी सारखी, सरळ वर ओढा. एखादा इंजेक्टर खालीच राहिला तर हलकं पिळून काढा, पक्कड नाकाला लावू नका. भोकं स्वच्छ कापडाने बंद करा, प्रत्येकाला वेगळं, आणि किती कापडं घातली ते मोजून ठेवा.

साफसफाई अल्ट्रासोनिकमध्ये, इंजेक्टरला पल्स देत. सुका टकटकवायचा नाही, फ्लुइडमध्ये बुडालेला असताना. वरची जाळी आधी काढा, नाहीतर तिच्यातली घाण आत उतरते. साफ झाल्यावर नवी जाळी बसवा. ओ-रिंग वरच्या आणि खालच्या दोन्ही नव्या, व्हायटॉनच्या. इथेनॉल मिसळलेल्या पेट्रोलमध्ये साधं रबर फुगतं.

ओ-रिंगला स्वच्छ इंजिन ऑइलचा थेंब बोटाने फिरवा. सिलिकॉनचं ग्रीस किंवा सीलंट नको, त्याची वाफ ऑक्सिजन सेन्सर बाद करते. इंजेक्टर आधी रेलमध्ये, क्लिप लावून, मग रेल खाली. दाबताना एक बाजू आधी गेली की दुसऱ्या बाजूची ओ-रिंग चिरते. बसलेला इंजेक्टर हाताने थोडा हलला पाहिजे. रेलचे बोल्ट आलटून पालटून, मॅन्युअलमधल्या टॉर्कने.

सेल्फ मारण्याआधी किल्ली तीन-चार वेळा ऑन-ऑफ करा, प्रत्येक वेळी पंप दोन सेकंद घरघरतो. टॉर्च घेऊन चारही वरच्या ओ-रिंग बघा, बोट फिरवून वास घ्या. ओल दिसली तर तिथेच थांबा. कोरडं असेल तरच स्टार्ट.

तापीपूर (भुसावळ) | रविवार, रात्री १०.१०

खालच्या ओ-रिंगबद्दल भर. एअरफ्लो मीटरच्या गाडीत ती गळाली तर सरळ ट्रिम प्लस होतो. मॅप सेन्सरच्या गाडीत जादा हवेने मॅनिफोल्डचं प्रेशरच वाढतं, ईसीयू त्या हवेचं पेट्रोल देतो, आणि आयडलचे आरपीएम चढतात. ट्रिम जवळजवळ गप्प असतो. फक्त गळतीजवळचा सिलिंडर लीन होऊन मिसिंग देतो. त्यामुळे गिरणाथडी दादांच्या गाडीत ट्रिम ठीक दिसला तरी आयडल ७५० वरच थांबतंय का ते बघायला हवं.

लॅम्बडा_जळगाव (जळगाव) | रविवार, रात्री १०.३०

बसवल्यावर स्कॅनरने शिकलेले ट्रिम पुसा. न पुसता चालवलं तर जुन्या इंजेक्टरला १८० वाल्यांचा −१२ लागू राहील आणि पहिले काही किमी गाडी लीन ओढेल. पुसल्यावर एसी बंद ठेवून १० मिनिटं आयडल, मग ४० ते ८० च्या वेगात स्थिर अशी अर्धा तास गाडी, मध्ये मध्ये पाय पूर्ण सोडून.

टाकीत कोणतं पेट्रोल आहे तेही धरा. ई१० ला (१० टक्के इथेनॉल) योग्य प्रमाण १४.१ ला १, ई२० ला (२० टक्के इथेनॉल) १३.५ ला १. ई१० वर शिकलेली गाडी ई२० वर आली की ट्रिम ३-४ टक्के वर जातो, इंजेक्टर कितीही चांगले असले तरी. तो दोष धरू नका.

गिरणाथडी (चाळीसगाव) | पुढचा शनिवार, संध्याकाळी ६.२०

बसवले. साफ केल्यावर ५ आणि १० मिलिसेकंदांची मापं, २००० पल्स, मिलिमध्ये:

पहिला २०.४ आणि ४५.३
दुसरा २०.६ आणि ४५.६
तिसरा २०.३ आणि ४५.०
चौथा, नवा, २०.८ आणि ४६.०

एकही ठिबकत नाही. टाकीत ई२०. ट्रिमची बेरीज: आयडल +३, एसी लावून +३, ८० ला +४, घाटात +३. आयडल ७५० वर स्थिर, पूर्ण थ्रॉटलला धूर नाही.

आणि १८० च्या त्या चार इंजेक्टरचीही मापं घेतली. ५ मिलिसेकंदाला २२.४, २२.१, २१.९, २२.३. १० ला ५२.५, ५२.०, ५१.८, ५२.३.

पांझरा_बेंच (धुळे) | शनिवार, संध्याकाळी ७.०५

तुमच्या चौघांत पाच मिलिसेकंदाला अडीच टक्के फरक, दहाला सव्वादोन टक्के. छान आहे. ट्रिम सगळीकडे एकाच पातळीत आला, म्हणजे फ्लो आणि डेड टाइम दोन्ही ईसीयूच्या आकड्यांशी जुळले. उरलेला प्लस ई२० चा. १८० वाल्यांची सरासरी काढली तर डेड टाइम १.३ च्या आसपासच येतो.

ऑइल बदला, त्यात पेट्रोल उतरलेलं असणार. प्लग नवे घाला, ५०० किमीनंतर चारही काढून शेजारी शेजारी ठेवा आणि फोटो टाका. चौथ्याचा रंग बाकी तिघांपेक्षा वेगळा दिसला तर तो इंजेक्टर पुन्हा बेंचवर घेऊ.